खान्देशचं ऊन, बोअरचं पाणी आणि चेहऱ्याची रोजची निगा

मेडिकलच्या काउंटरवर बसणाऱ्याला दिवसातून एकदा तरी हा प्रश्न येतोच, “भाऊ, डाग जावानी क्रीम शे का?” डाग कशाचा, कधीपासूनचा, आधी काय लावलं होतं असं विचारलं की समोरचा कंटाळतो. त्याला ट्यूब हवी असते, चौकशी नको असते. पण माझ्या पाहण्यात आपल्याकडच्या चेहऱ्यांच्या निम्म्याहून अधिक तक्रारी उन्हातून आणि नको ते लावण्यातून येतात, आणि त्यावर डाग घालवायची ट्यूब चालत नाही. चालतं ते रोजचं साधं काम: सौम्य धुणं, ओलावा टिकवणं, उन्हापासून झाकणं. सकाळी पाच मिनिटं, रात्री तीन. ही तिन्ही कामं महिनाभर नीट जमल्याशिवाय चौथी वस्तू विकत घेऊ नका. मोबाइलवर दिसणारं दहा पायऱ्यांचं प्रकरण भुसावळच्या मे महिन्यात घामाबरोबर गळ्यात उतरतं.

आधी आपली त्वचा ओळखा

संध्याकाळी चेहरा सौम्य फेसवॉशने धुवा, टिपून कोरडा करा आणि तासभर काहीही लावू नका. कूलरच्या झोतात किंवा चुलीजवळ बसू नका, नाहीतर अंदाज चुकेल. तासाभराने गाल ओढल्यासारखे वाटले तर त्वचा कोरडी. कपाळ, नाक, हनुवटी चकाकते पण गाल ठीक आहेत, तर मिश्र. सगळाच चेहरा तुपकट झाला तर तेलकट. आणि नुसत्या धुण्यानेच झोंबलं, लाल झालं तर नाजूक. अशांनी पुढचं सगळं आणखी जपून करायचं.

घाम आणि तेल यांत गल्लत होऊ देऊ नका. मे महिन्यात दुपारी सगळ्यांचाच चेहरा ओला असतो. टिपकागद गालावर दाबून पाहा: घामाचा ओलावा थोड्या वेळात वाळतो, तेलाचा पारदर्शक डाग तसाच राहतो. शिवाय आपल्याकडे एकाच माणसाची त्वचा जानेवारीत फुटते आणि जुलैत चिकट होते. म्हणून ही परीक्षा वर्षातून दोनदा करावी, दिवाळीनंतर एकदा आणि होळीनंतर एकदा.

धुणं: साबणापेक्षा पाणी आधी बघा

बोअरच्या पाण्याने भरलेल्या हौदाच्या कडेला पांढरा थर बसतो, तो कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचा. हेच क्षार साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट साका तयार करतात. बादलीवर तो दिसतो, चेहऱ्यावर दिसत नाही, पण राहतो आणि त्वचा ताणल्यासारखी करतो. त्यात नेहमीच्या अंगाच्या साबणाचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्क मोजायचा आकडा, ९ ते १० असतो, तर निरोगी त्वचेचा साधारण ५ च्या आसपास. म्हणजे जड पाणी आणि अंगाचा साबण अशी दुहेरी मारहाण रोज होते.

उपाय महाग नाही. चेहऱ्यासाठी साबणाऐवजी सिंडेट वडी (दिसायला साबणासारखी, पण साबण नसलेली) किंवा साबणविरहित फेसवॉश घ्या. वेष्टनावर ‘सोप फ्री’ असं देवनागरीत नाही तरी इंग्रजीत लिहिलेलं असतं. ती जड पाण्यातही साका धरत नाही. तेलकट त्वचेला जेलसारखा, कोरडीला दुधासारखा, फारसा फेस न येणारा. खूप फेस आला म्हणजे चांगला स्वच्छ झाला, ही समजूत सोडा. धुऊन झाल्यावर गाल बोटाखाली ‘कर्र’ वाजत असेल तर फेसवॉश तुमच्यासाठी जास्त कडक आहे.

पद्धत अशी. आधी हात धुवा. चेहरा ओला करा, वाटाण्याएवढा फेसवॉश तळहातावर पातळ करून बोटांच्या टोकांनी अर्धा मिनिट फिरवा. नाकाच्या कडा, हनुवटीखाली, केसांच्या रेषेपाशी विसरू नका. मग भरपूर पाण्याने धुवा. पाणी फारच क्षारयुक्त असेल तर शेवटचा एक तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्या, तेवढंही पुरतं. आरओ मशिनच्या नळीतून जे पाणी वाया जातं ते चेहऱ्याला चुकूनही वापरू नका. गाळून वगळलेले क्षार त्यातच साठलेले असतात. ते फरशी पुसायला ठेवा.

उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात पोळेल असं येतं. त्याने तोंड धुतलं तर त्वचेचं नैसर्गिक तेलही निघून जातं. सकाळी बादली भरून सावलीत ठेवा. बर्फाच्या पाण्याचाही हट्ट नको, माठाच्या पाण्याएवढा गारवा पुरे.

दिवसातून दोनदाच. कोरड्या त्वचेच्या लोकांनी सकाळी नुसत्या पाण्याने धुतलं तरी चालतं. शेतातून, कारखान्यातून, प्रवासातून आल्यावर एकदा जास्त झालं तर हरकत नाही, पण दिवसातून पाच वेळा फेसवॉश करणाऱ्या पोरांच्या पुटकुळ्या कमी न होता वाढताना मी पाहतो. सारवलेल्या अंगणावर रोज खराटा घासला की सारवण पोपडे धरून उखडतं, तसंच वरच्या थराचं होतं. अक्रोडाच्या पुडीचे दाणेदार स्क्रब, काथ्या, खरखरीत टॉवेल, हे त्याच खराट्याचे भाऊ. पुसताना पंचा किंवा मऊ सुती कापड दाबून टिपा, आणि ते कापड घरात सगळ्यांचं एकच नको.

नंदुरबारच्या मिरची पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, काम करणाऱ्या बायांसाठी एक वेगळी गोष्ट. मिरचीतला झोंबणारा पदार्थ पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून घरी आल्यावर थेट तोंडावर पाणी मारू नका. आधी हातांना गोडंतेल चोळा, कपड्याने पुसा, मग साबणाने दोनदा हात धुवा, आणि त्यानंतरच चेहऱ्याला हात लावा. फवारणीहून आलेल्यांनी तर आधी कपडे बदलून आंघोळच करावी.

ओलावा: तेलकट चेहऱ्यालाही

“माझी स्किन आधीच ऑइली आहे, मला मॉइश्चरायझर कशाला?” तेल आणि ओलावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपली कोरडी हवा, कूलर-एसीचा वारा आणि जड पाणी त्वचेतलं पाणी ओढून घेतात. तेलकट चेहराही पाण्यावाचून कोरडा असू शकतो, आणि असा चेहरा वरून चकाकतो, आतून ओढला जातो.

धुतल्यानंतर चेहरा किंचित ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत लावा. पूर्ण वाळल्यावर लावलं तर निम्मा फायदा गेला. घेताना ग्लिसरीन, सिरॅमाइड, हायल्युरॉनिक ॲसिड या ओलावा टिकवणाऱ्यांपैकी काहीतरी घटकांत आहे का पाहा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, म्हणून ग्लिसरीन पहिल्या पाच-सहा नावांत शोधा; बाकीची दोन थोडीच घालतात, ती यादीत खाली असली तरी चालतं. तेलकट त्वचेला जेल किंवा हलकं लोशन, कोरडीला घट्ट क्रीम. सुगंध जितका कमी तितकं बरं. उन्हाळ्यात सकाळी सनस्क्रीनच मलईदार असेल तर वेगळं मॉइश्चरायझर वगळलं तरी चालतं, रात्री मात्र लावा.

कापूस वेचणीच्या दिवसांत, पहाटेच्या थंडीत ओठ आणि गाल फुटतात. तिथे रात्री मॉइश्चरायझरवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. पेट्रोलियम जेली स्वतः ओलावा देत नाही, आहे तो अडवून धरते, म्हणून ती शेवटी. ज्यांना पुटकुळ्या येतात त्यांनी खोबरेल तेल चेहऱ्यावर नको. अंगाला खुशाल लावा. कपाळावर बारीक पुरळ येणाऱ्यांनी डोक्याला तेल चोपून झोपणं महिनाभर थांबवून पाहावं. बऱ्याचदा क्रीमपेक्षा हा बदल आधी लागू पडतो.

ऊन: इथे खर्च करा, इथे वेळ द्या

तिन्हींपैकी एकावरच पैसे घालायचे असतील तर सनस्क्रीनवर घाला. वांग, उन्हाने पडलेले डाग, पुटकुळी गेल्यावर राहिलेला काळा ठिपका, हे सगळं ऊन गडद करत राहतं. डागांवर महागडं सीरम लावायचं आणि दुपारी बाराला उघड्या तोंडाने बाजारात जायचं, याला काही अर्थ नाही.

ऊन किती वाईट आहे हे मोबाइल न बघता ओळखायची एक खूण आहे, आपली सावली. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा अतिनील किरणं तीव्र असतात. मे महिन्यात जळगावला साधारण सव्वानऊपासून साडेतीनपर्यंत सावली आखूडच राहते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य खान्देशात भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते, तेच जुलैच्या मध्यावर पुन्हा, फक्त ढगांमुळे लक्षात येत नाही. डिसेंबरातही ऐन दुपारी आपली सावली जवळपास आपल्या उंचीएवढी असते. म्हणजे हिवाळ्यातलं ऊन गोड लागलं तरी निरुपद्रवी नाही. चटका उष्णतेचा असतो, डाग पाडतात ती किरणं वेगळी, आणि ती पातळ ढगांतूनही येतात.

विकत घेताना तीन गोष्टी बघा: एसपीएफ ३० किंवा जास्त, पीए+++ किंवा जास्त, आणि ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’, म्हणजे भाजणारी आणि काळवंडवणारी दोन्ही किरणं अडवणारं. एसपीएफ ३० भाजणारी किरणं साधारण ९७ टक्के अडवतं, ५० साधारण ९८ टक्के. म्हणून आकड्याच्या मागे धावण्यापेक्षा पुरेसं लावणं महत्त्वाचं. एसपीएफ १०० पातळ फासलं तर त्याचं संरक्षण छापल्याच्या जवळपासही जात नाही. पीए हे काळवंडवणाऱ्या, काचेतूनही आत येणाऱ्या किरणांसाठी असतं. एसटीत रोज खिडकीशी बसून अमळनेर-धुळे करणाऱ्यांना याचीच गरज जास्त.

किती लावायचं? तर्जनी आणि मधलं बोट यांच्या पूर्ण लांबीवर एकेक रेघ, एवढं चेहरा आणि मानेला मिळून. ठिपके देऊन पसरा. कान, मानेची मागची बाजू, पापण्यांच्या कडेचा भाग घ्या. पहिल्यांदा हे खूप वाटतं. हिशेब असा करा: रोज एकदा नीट लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब दीड महिन्याच्या आसपास संपते. तुमची सहा महिने पुरत असेल तर तुम्ही सनस्क्रीन लावत नाही, त्याचा वास लावता. बाहेर पडण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. घाम आला तर टिपून मग लावा. ऑफिसात, दुकानात सावलीत बसणाऱ्यांनी दुपारी बाहेर पडण्याआधी एकदा लावलं तरी बरंच झालं.

सावळ्या, गव्हाळ रंगावर काही सनस्क्रीन पांढरट भुरकट दिसतात. तसं होत असेल तर रंगाची छटा असलेलं घ्या. वांग असलेल्यांना तर तेच जास्त उपयोगी, कारण छटेसाठी घातलेली लोहाची ऑक्साइड्स दिसणारा प्रकाशही काही प्रमाणात अडवतात, आणि वांग त्या प्रकाशानेही वाढतं.

स्कूटीवरच्या मुली डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने बांधतात, ती सवय उत्तमच आहे. फक्त कापड बघा. विरळ विणीची पांढरी ओढणी उजेडासमोर धरा. पलीकडचं दिसत असेल तर किरणंही येतात. घट्ट विणीचं, गडद सुती कापड चांगलं. घामाने भिजलेलं सुती कापड कोरड्यापेक्षा कमी अडवतं, म्हणून लांबच्या प्रवासात आत सनस्क्रीन असूच द्या. आणि स्कार्फ रोज धुवा. हनुवटीभोवती पुटकुळ्या येणाऱ्यांनी आधी स्कार्फचा वास घेऊन पाहावा. शेतात जाणाऱ्यांनी डोक्याला उपरणं गुंडाळताना त्याचं टोक कान-मानेवर सोडावं. नुसती गांधी टोपी दिसायला रुबाबदार, पण तिला कड नसल्याने नाक आणि कान उघडेच राहतात.

एक शेवटची सूचना: सनस्क्रीन स्कूटीच्या डिकीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत ती बाहेरच्या हवेपेक्षाही तापते, आणि पाणी सुटलेलं, गुठळ्या झालेलं सनस्क्रीन भरवशाचं राहत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळांना सनस्क्रीन नको. त्यांना सावली आणि कुंची.

रात्री, आणि मग एखादी जास्तीची गोष्ट

रात्री धुणं आणि ओलावा, बस. सनस्क्रीन, धूळ, घाम घेऊन झोपायचं नाही.

महिनाभर हे जमल्यावर तुमच्या मुख्य तक्रारीसाठी एक, फक्त एक, वस्तू जोडा. डाग आणि तेलकटपणा दोन्ही असेल तर ५ टक्क्यांपर्यंतचं नायासिनामाइड (बी३ जीवनसत्त्वाचा प्रकार) त्वचेला सगळ्यात सोसणारं. १० टक्के घेतलं म्हणजे दुप्पट गुण येत नाही, झोंबणं मात्र वाढू शकतं. पुटकुळ्यांसाठी २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड चालतं; उशीची रंगीत खोळ त्याने पांढरी पडते, जुनी खोळ घाला. अडापालिन, रेटिनॉल यांसारखी पुटकुळ्या-डागांवरची औषधं रात्रीची, मटारएवढी, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, आणि तीही डॉक्टरांना विचारून. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर ही रेटिनॉइड वर्गातली औषधं नकोतच.

नवीन काहीही आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच रात्री लावून पाहा. खाज, पुरळ नाही आलं तरच चेहऱ्यावर. आणि घाई नको: त्वचेचा वरचा थर बदलायला साधारण चार आठवडे लागतात, पुटकुळ्यांचा फरक कळायला सहा ते आठ, वांगाला त्याहून खूप जास्त. आठ दिवसांत चेहरा उजळला तर आनंद मानू नका, ट्यूबवरची नावं वाचा.

काउंटरवरची ‘गोरी करणारी’ ट्यूब

बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. यांपैकी एखादं नाव ट्यूबवर असेल तर ते स्टिरॉइड आहे. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन असं तिघांचं मिश्रण वांगासाठी डॉक्टर मोजके आठवडे देतात. लोक ते फेसक्रीम म्हणून वर्षानुवर्षं लावतात. मैत्रिणीने सांगितलं, पार्लरमध्ये दिलं, लग्नाआधी लावलं, मग सुटलंच नाही. गजकर्णासाठी आणलेली ट्यूब उरली म्हणून तोंडाला लावणारेही कमी नाहीत.

पहिले दोन-तीन आठवडे चेहरा खरंच उजळतो, आणि तिथेच माणूस फसतो. पुढे त्वचा पातळ होते, गालांवर बारीक लाल रेषा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, बायकांच्या चेहऱ्यावर लव वाढते, चुलीपुढे किंवा उन्हात उभं राहिलं की आग होते. क्रीम थांबवलं की लाली दुपटीने उसळते, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. अशा चक्रात असाल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका आणि दुसरं क्रीमही शोधू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ही औषधं चिठ्ठीशिवाय मिळू नयेत. मिळतात, हे मला माहीत आहे आणि आमच्या धंद्याला ते शोभत नाही.

उत्पादकाचं नाव-पत्ता नसलेल्या, घटक न छापलेल्या, डबीतल्या ‘व्हाइटनिंग’ क्रीमपासून तर दहा हात लांब. त्यांत पारा सापडतो, आणि पारा मूत्रपिंडाला इजा करतो.

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात

लिंबू चेहऱ्यावर नको; त्याचा रस लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे काळे पट्टे उठतात. टूथपेस्ट, खायचा सोडा, तेही नको. मुलतानी माती तेलकट त्वचेला आठवड्यातून एकदा चालते, पूर्ण वाळून तडे जायच्या आत धुवायची. कोरड्या त्वचेला ती नकोच. हळद-बेसन दिवाळीच्या उटण्यापुरतं ठीक, रोज घासायला नाही. कोरफड घरची असेल तर पान कापून उभं ठेवा, पिवळा चीक गळू द्या, मगच आतला गर घ्या; तो चीक काहींना झोंबतो. रावेर-यावलचं केळं खावं, सालीने तोंड घासल्याने डाग जात नाहीत. आणि तीळ, चामखीळ जाळायला बिब्बा लावणं आजही गावोगाव चालतं. बिब्ब्याच्या तेलाने फोड येतात, आणि राहणारा व्रण मूळच्या तिळापेक्षा मोठा असतो.

डॉक्टरांकडे कधी

दुखणाऱ्या मोठ्या गाठीसारख्या पुटकुळ्या, खड्डे पडू लागलेले, भराभर पसरणारं वांग, आकार किंवा रंग बदलणारा तीळ, महिनाभर न भरणारी जखम, यांत वेळ घालवू नका. चेहऱ्यावर किंवा अंगावर फिकट चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल तर लगेच दाखवा. कुष्ठरोगाची ती खूण असू शकते. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळेत घेतले तर तो पूर्ण बरा होतो. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. त्वचारोगाची ओपीडी कोणत्या वारी असते ते आधी विचारून जा. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, डब्या, रिकामी खोकी पिशवीत घालून न्या, मैत्रिणीने दिलेली बिननावाची डबीसुद्धा. आणि त्या दिवशी पावडर, फाउंडेशन काही लावू नका, डॉक्टरांना त्वचा दिसायला हवी.